अकराच्या आधीची पानं

सोमवार, ४ मार्च

बारा वाजले लॅबमध्ये पोचायला! ठमीच्या शाळेने नऊला बोलावलं आणि साडेदहाला आत घेतलं. बाई म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे, पण पाच मिनिटं एका जागी बसत नाही." मी माझा हलणारा गुडघा हाताने दाबून धरला आणि मान डोलावली. नऊ वर्षांच्या पोरीला कुणाचं वळण लागलंय ते त्यांना समोर दिसत असणारच.

आणि असला वेळ घालवायला माझ्याकडे वेळ आहे कुठे? ८ एप्रिलला प्रबंध जमा करायचा. ही तिसरी मुदतवाढ. चौथी मिळत नाही, नोंदणीच रद्द होते, असं ऑफिसातल्या क्लार्कने मला दोनदा हळूहळू समजावून सांगितलंय, जशी काही मी बहिरी आहे. सगळं लिहून झालंय. राहिलाय फक्त एक फोटो. चौथ्या प्रकरणातला जुना धूसर आहे, माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या नवा काढ. म्हणजे सात वर्षांत चाळीस-एक वेळा केलेला प्रयोग आणखी एकदा.

तेच तीन ट्रे, टोमॅटोची रोपं. पहिला कंट्रोल — साधं पाणी, सुखात वाढलेली पोरं. दुसरा — खारं पाणी, पण वर मॅडमनी बनवलेला फवारा. तिसरा — नुसतं खारं पाणी, त्यांचे हाल. कंट्रोलची पानं तोडली तेव्हा सव्वाबारा झाले होते. मधे मॅडमनी प्रस्तावना सुधारायला बसवलं, त्यामुळे तिसऱ्या ट्रेला हात लागेपर्यंत साडेतीन. पानं रंगात बुडवून अंधारात ठेवलीत. उद्या फोटो, की सुटले.

मंगळवार, ५ मार्च

कंट्रोल तपकिरी!

रंगवलेलं पान अल्कोहोलात उकळलं की हिरवा रंग निघून जातो, पान कागदासारखं पांढरं पडतं. आत जिथे पेरॉक्साइड साठलेलं असेल तिथेच तपकिरी डाग उरतो. झाडाला काही सोसेनासं झालं की पानातला ऑक्सिजन असा बिथरतो — पेरॉक्साइड आणि त्याची उपद्रवी भावंडं. म्हणून खाऱ्या पाण्याच्या पानांवर मोठा डाग यायला हवा, फवाऱ्याच्या पानांवर निम्मा, आणि कंट्रोलवर काही नको. फवारा मारला की डाग कमी होतो — आमचा छापून आलेला पेपर, माझा प्रबंध, मॅडमची शेवटची दहा वर्षं, सगळं या एका वाक्यावर उभं आहे.

आज कंट्रोल सगळ्यांत काळा. खाऱ्या पाण्याची पानं त्याच्याशेजारी गोरीगोमटी! रंग खराब झाला असणार. दुसरं काय?

बुधवार, ६ मार्च

रंग ताजा आहे. अल्कोहोल नवं आहे. बाटलीवरची लेबलं तीनदा वाचली. म्हणजे राहिलं पाणी, आणि पाणी घालतात काका.

काका तीस वर्षं काचघर सांभाळतायत. पाणी, खत, उन्हाची जाळी, दारावरची वही, सगळं त्यांच्याकडे. मी तरातरा गेले आणि दोन-चार जणांसमोरच विचारलं, "काका, कंट्रोलला खाऱ्या कॅनमधलं पाणी घातलंत?" ते म्हणाले, "नाही." मी म्हटलं, "मग काय आपोआप खारट झालं?"

त्यांनी हातातला पाइप गुंडाळून खुंटीला अडकवला आणि निघून गेले. बरं वाटलं नाही मला. पण चूक कुणाची तरी असणार ना.

गुरुवार, ७ मार्च

सकाळी काकांनीच हाक मारली. "ताई, जरा या." खाऱ्या पाण्याच्या कॅनपाशी नेलं. कॅनला कुलूप. "किल्ली तुमच्या पर्समध्ये असते," म्हणाले. "चार वर्षं झाली. तुम्हीच लावायला सांगितलंत."

तोंडात मारल्यासारखं झालं. माफी मागितली. सगळ्यांसमोर ओरडले होते, माफी मात्र कोपऱ्यात मागितली, तेही लक्षात आलं माझ्या.

"ते राहू द्या," काका म्हणाले. "मला एक वेगळंच वाटतंय. तुमची ही साध्या पाण्याची लाडकी रोपं सोमवारी पहिल्यांदाच उन्हात सापडली. मी रोज अकराला जाळी बाजूला सरकवतो, तीनला परत ओढतो. मधले चार तास कडक ऊन. एरवी तुम्ही लाडक्यांची पानं साडेनऊ-दहालाच घेऊन जाता. खारी बिचारी राहतात मागे, त्यांची पाळी येते बारा-साडेबाराला, डोक्यावर ऊन घेऊन. सोमवारी तुम्ही उशिरा आलात, तर उलटं झालं. लाडकी उन्हात, खारी सावलीत."

मी म्हटलं, "हो का." एवढंच. मग बाहेर येऊन पायरीवर बसले.

जास्त उजेड पडला की पानातला ऑक्सिजन बिथरतो. हे मला माहीत नाही? माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात आहे, पान बारा, मी स्वतः लिहिलंय! ते वाक्य लिहिणारी बाई आणि रोज पानं तोडणारी बाई यांची कधी गाठच पडली नाही.

साडेनऊला कंट्रोल, डाग नाही. अकरा-सव्वाअकराला फवारा, निम्मा डाग. साडेबाराला खारं, पूर्ण डाग. मी सात वर्षं फवारा मोजत होते की घड्याळ?

शुक्रवार, ८ मार्च

माझ्या वह्यांत वेळ लिहिलेली नाही. तारीख आहे, तापमान आहे, पेन संपल्याची तक्रारसुद्धा आहे. वेळ नाही.

काकांच्या दारावरच्या वहीत आहे. आत कोण गेलं, कधी बाहेर आलं. सहा जुन्या वह्या त्यांनी पोत्यातून काढून दिल्या. दुपारभर जुळवत बसले. सोमवारचा सोडून एकूण एक्केचाळीस वेळा प्रयोग. एक्केचाळीस वेळा कंट्रोल अकराच्या आधी. एकदा तरी चुकायचं! एकदा तरी बस चुकायची, आजारी पडायचं, आळस करायचा!

आणि क्रम असा का, तर खारे हात कंट्रोलला लागू नयेत म्हणून. कात्रीला मीठ लागेल, आधी स्वच्छ ट्रे, मग घाण ट्रे. पहिल्याच महिन्यात मी हे ठरवलं आणि मॅडम सगळ्यांना कौतुकाने सांगायच्या, हिचे हात फार चोख. या चोखपणानेच घात केला.

शनिवार, ९ मार्च

काही लिहिण्यासारखं नाही. तीन खण आवरले. चौथा उपसून ठेवलाय.

सोमवार, ११ मार्च

पुन्हा लावलाय प्रयोग. मॅडमना सांगितलं, फोटो चांगला आला नाही. खोटं नाही ते. अर्धं आहे.

या वेळी चिठ्ठ्या. प्रत्येक रोपाचा नंबर कागदावर, कागद मगमध्ये, जो निघेल त्याची पानं तोडायची. प्रत्येक रोपामागे कात्री धुवायची. सगळं अकरा ते एकच्या मधे, एकाच उन्हात. काकांना विचारलं, जाळी जरा लवकर सरकवाल का. म्हणाले, "तुम्ही सांगाल तेव्हा." अजून पूर्वीसारखे बोलत नाहीत.

गुरुवार, १४ मार्च

कंट्रोलवर डाग आहे. खाऱ्यावर त्याहून थोडा जास्त आहे. फवाऱ्याचा आणि खाऱ्याचा मात्र सारखा. मी उलटसुलट करून, नंबर झाकून पाहिले. ओळखू येत नाहीत.

फवारा काहीच करत नाही.

डोकं बधिर झालंय. घरी येऊन भांडी घासली, घासलेलीच होती.

सोमवार, १८ मार्च

गप्प बसवेना म्हणून आणखी एक करून पाहिलं होतं. फवाऱ्याचा डोस दुप्पट. शिवाय काचेच्या उभ्या बशांतही बी पेरलेलं, म्हणजे मुळं वाढताना दिसतात. आज बघितल्या.

ट्रेतल्या पानांवरचा डाग दुप्पट डोसने गेला. खरंच गेला! क्षणभर असा जीव भांड्यात पडला, आणि मग मी मुळं पाहिली. टकली. साध्या बशीतल्या मुळांवर केसांची दाट लव आहे, या मुळांवर जवळजवळ काहीच नाही. लांबीसुद्धा निम्मी.

कारण मुळाचा केस लांब होतो तो त्याच पेरॉक्साइडच्या आणि त्याच्या भावंडांच्या जिवावर. केसाच्या टोकाशी ते थोडं थोडं तयार होतं आणि केस पुढे सरकतो. ते पुसून टाकलं की वाढ थांबली. आम्ही ज्याला सात वर्षं गुन्हेगार म्हणून हाकलत होतो तोच घर चालवत होता. जास्त झाला की पान जाळतो आणि मुळीच नसला की मूळ उपाशी मारतो. नेमका किती हवा ते झाडाला कळतं, आम्हाला नाही.

जूनपासून रोपवाटिकावाल्यांना हा फवारा द्यायचा असं ठरलंय. साध्या डोसने काही होत नाही असं दिसलं की लोक काय करतात? दुप्पट मारतात.

उद्या मॅडमना सांगायचं. कसं ते माहीत नाही.

मंगळवार, १९ मार्च

सांगितलं.

सगळं टेबलावर मांडलं: पानं, मुळांचे फोटो, काकांच्या वह्या. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, लावला, परत काढला. बराच वेळ वह्याच चाळत राहिल्या. मला त्यांची कीव आली आणि स्वतःची चीड. ठमी दीड वर्षाची होती, मला कुठलीच लॅब दारात उभी करत नव्हती, तेव्हा या बाईने मला टेबल दिलं होतं. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होतायत आणि मी त्यांना निरोपाला हे दिलं.

मग म्हणाल्या, "पेपर तीन वर्षं बाहेर आहे. कुणी काही बोललं नाही."

मी म्हटलं, "कुणी करून बघितलं नसेल."

"बघतायत," त्या म्हणाल्या. दुसऱ्या एका संस्थेत हाच प्रयोग गेल्या वर्षापासून चालू आहे, तिथल्या संशोधक बाई एप्रिलच्या सुरुवातीला निकाल कळवणार आहेत. "वेगळी माणसं, वेगळं काचघर, वेगळं ऊन. त्यांचं जुळलं तर तुझ्या या एका आठवड्याच्या चिठ्ठ्यांत काहीतरी चुकलंय. नाही जुळलं तर पेपर मी स्वतः मागे घेईन. तोपर्यंत तू प्रबंधाला हात लावायचा नाहीस. ठरलं?"

मी हो म्हटलं! इतक्या पटकन म्हटलं की माझीच मला लाज वाटली. दोन आठवडे कुणीतरी माझ्या डोक्यावरचा भार उचलून धरला असं वाटलं.

बुधवार, २० मार्च

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "झालं की मग. तू सांगितलंस, आता जबाबदारी त्यांची."

म्हटलं, "प्रबंधावर नाव माझं आहे."

"सात वर्षं आम्ही पण काढलीत तुझ्याबरोबर," तो म्हणाला. ओरडला नाही. ओरडला असता तर मला भांडता आलं असतं. त्याने या सात वर्षांत दोन बदल्या नाकारल्यात, ठमीचे डबे भरलेत, आणि एकदाही "कधी संपणार" असं विचारलेलं नाही. आज मात्र म्हणाला, "नोंदणी रद्द झाली तर तुझ्याकडे काय उरतं ते एकदा मला सांग."

मी उठून ठमीचा डबा धुवायला घेतला.

शनिवार, २३ मार्च

पाचवं प्रकरण वाचायला घेतलं. "फवाऱ्यामुळे पेरॉक्साइडचे प्रमाण लक्षणीय घटले." हे वाक्य सोळा वेळा आलंय. मोजलं.

बुधवार, २७ मार्च

फोन वाजला की धावत जाऊन घेते. गॅसवाला, शाळा, बँक. त्या संस्थेतली बाई नाही.

काकांसाठी नवी टोपी घेऊन गेले. त्यांनी घातली, आरशात बघितलं, म्हणाले, "लाच आहे का?" मी म्हटलं, "दंड आहे." हसले. निदान हे एक मार्गी लागलं.

शुक्रवार, २९ मार्च

जुळावं असं वाटतंय. मनापासून वाटतंय. लिहून ठेवते, म्हणजे नंतर मी फार सोवळी असल्याचा आव आणणार नाही. माझं चुकलेलं असू दे, माझ्या चिठ्ठ्या वेडगळ असू दे, मला मूर्ख ठरवून पदवी द्या. मी आनंदाने मूर्ख होईन.

मंगळवार, २ एप्रिल

जुळलं!!

मॅडमनी स्वतः येऊन कागद माझ्यासमोर ठेवला. सहा फेऱ्या, सहाही वेळा तेच: कंट्रोल स्वच्छ, फवारा निम्मा, खारं पूर्ण. आकडे आमच्या आकड्यांना लागून. मॅडमनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. सात वर्षांत पहिल्यांदा. मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले, आणि त्या शेजारी उभ्या राहून खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मग माझं कुठे चुकलं? कात्री सारखी धुतल्याने पानं ओली झाली असतील. चिठ्ठ्यांच्या नादात पानं जास्त हाताळली गेली असतील, नुसत्या स्पर्शानेही ऑक्सिजन बिथरतो. टकल्या मुळांचं बी जुनं असेल. कारणं शोधायला गेलं की सापडतात.

घरी सांगितलं तर नवरा खुर्चीवरून उठला आणि परत बसला. ठमीने विचारलं, "आता तू शांत होणार का?" म्हटलं, बघू.

गुरुवार, ४ एप्रिल

प्रबंध छपाईला दिला. पाच प्रती, निळी बांधणी, सोनेरी अक्षरं. सोमवारी सकाळी दहाला मिळणार, अकराला ऑफिसात जमा.

छापखान्यातून निघाले आणि अर्ध्या रस्त्यातून परत गेले, काहीतरी विसरलंय असं वाटून. काही विसरलं नव्हतं. छपाईवाला म्हणाला, "सगळ्यांचं असंच होतं, ताई."

तरी एक गोष्ट विचारायची राहिलीय. त्या दुसऱ्या संस्थेतल्या बाईंना. नुसता फोन करायचा, आभार मानायचे आणि जाता जाता विचारायचं. दोन दिवस नंबर समोर आहे. मी ओटा पुसतेय, पडदे काढतेय, ठमीचे बूट पॉलिश करतेय. नाही विचारलं तर आयुष्यभर हेच करत राहीन.

शुक्रवार, ५ एप्रिल

केला फोन. गोड बोलल्या. आभार झाले. मग विचारलं, तुम्ही आधी कुठल्या ट्रेची पानं तोडता?

"आधी कंट्रोल," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी आम्ही पद्धत मागितली तेव्हा तुम्हीच हाताने लिहून पाठवली होतीत ना? तो कागद आमच्या भिंतीवर आहे. पहिलीच ओळ: आधी कंट्रोल, सकाळी, स्वच्छ हातांनी. आमच्या मुली एकदाही चुकल्या नाहीत."

छपाई थांबवली. पेपर मागे घेण्याचं पत्र संपादकांना पाठवलं. खाली सही माझी एकटीची. आता मॅडमच्या घरी निघालेय.